रॅप कसें ऐकावें?

काव्य हें मूलतः कानांनीं ऐकावयाचें असतें, ही गोष्ट आपल्या लोकांस नव्यानें सांगावयास नको. वेद शेंकडों पिढ्या केवळ मुखानें टिकले. आपल्या आज्यापणज्यांस अक्षरओळख नसतांही ओव्या, आर्या आणि श्लोक त्यांच्या जिभेवर असत. आणि चावडीपुढें डफावर थाप पडली कीं पोवाडा ऐकण्यास सारा गांव मांडी घालून बसे. असें असतां, शब्द, ताल आणि स्मरणशक्ति यांवरच सर्वस्वीं उभा असलेला 'रॅप' नांवाचा काव्यप्रकार घरांतील तरुण मंडळी ऐकूं लागली म्हणजे वडील मंडळी "हा काय गोंगाट!" एवढेंच म्हणून पाठ फिरवितात, याचें आम्हांस नवल वाटतें.

सर्वच रॅप चांगलें असतें असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळसें नीरस असतें, आणि कांहीं तर चारचौघांत लावूं नये असें असतें. परंतु चांगल्यावाइटाचा निवाडा करण्याचा अधिकार ऐकणाऱ्यासच पोंचतो. न ऐकतां दिलेला निकाल मुलें मुकाट्यानें ऐकून घेतात, मानीत मात्र नाहींत. मग चांगलें कोणतें आणि हिणकस कोणतें, हें त्यांनीं कोणाच्या आधारानें ठरवावें? ज्या वयांत अभिरुचि घडते त्याच वयांत घरांतल्या काव्यज्ञ माणसानें तोंड मिटून बसावें, हें नुकसान लहान नव्हे. याकरितां, या काव्याकडे कान देऊन बसल्यावर आम्हांस जें थोडेंबहुत उमगलें, तें समवयस्क वाचकांपुढें मांडीत आहों.

उगम

रॅपचें जन्मस्थान अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा विभाग होय. १९४८ पासून पुढें तेथील भरवस्तींतून 'क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे' नांवाचा हमरस्ता काढण्यांत आला आणि त्यासाठीं हजारों लोकांस राहतीं घरें सोडावीं लागलीं. ज्यांस शक्य होतें ते निघून गेले. मागें राहिले ते बहुतांशीं कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोकडील गरीब लोक. १९७० नंतरच्या दशकांत दक्षिण ब्राँक्समध्यें इमारतींस आगी लागण्याचें सत्रच सुरू झालें. कांहीं घरमालकांनीं तर विम्याच्या पैशासाठीं आपल्याच इमारतींस आग लावविली.

अशा या विभागांत, ११ ऑगस्ट १९७३ रोजीं, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत सिंडी कॅम्पबेल नांवाच्या मुलीनें एक नाचगाण्याची मैफल भरविली. शाळा सुरू होण्यापूर्वीं नवे कपडे घेण्यास पैसे जमावे, इतकाच तिचा हेतु होता. प्रवेशमूल्य मुलींस २५ सेंट व मुलांस ५० सेंट. तबकड्या लावण्याचें काम तिच्या भावाकडे, म्हणजे क्लाइव्हकडे होतें. हा मूळचा जमेकांतील किंग्स्टनचा. 'डीजे कूल हर्क' या नांवानें तो पुढें प्रसिद्धीस आला. गाणें थांबून जेथें नुसता ढोलांचा ठेका उरतो, त्या थोड्या क्षणांचीच नाचणारे वाट पाहत असतात, हें त्यानें हेरलें होतें. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवी. एकीवरील तेवढा भाग संपला कीं दुसरीवरील तोच भाग सुरू करी, आणि तोंवर पहिली मागें फिरवून घेई. अशा रीतीनें कांहीं सेकंदांचा ठेका हवा तितका लांबवितां येऊं लागला. त्या ठेक्यावर मित्रांचीं नांवें पुकारावीं, एखादी गमतीची जुळणी म्हणून दाखवावी, असें होतां होतां बोलणाराच मैफलीचा मुख्य झाला. ज्यांस वाद्यें विकत घेणें परवडण्यासारखें नव्हतें त्यांनीं जुनी तबकडी हेंच वाद्य केलें. गळा तर ज्याचा त्याच्यापाशीं होताच.

१९७९ सालीं शुगरहिल गँग या मंडळीच्या 'रॅपर्स डिलाइट' नांवाच्या तबकडीनें हा प्रकार ब्राँक्सबाहेर नेला. त्यांत मौजेपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. परंतु तीनच वर्षांनीं, १९८२ सालीं, ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचें 'द मेसेज' निघालें, आणि त्यांत त्या वस्तीचें खरें रूप उभें राहिलें: फुटक्या काचा, थकलेलें कर्ज, आणि कोंवळ्या वयांत वांकड्या वाटेस लागून तुरुंगांत प्राण गमावणारा मुलगा. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें राष्ट्रीय ठेवा म्हणून जपावयाच्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी २००२ सालासाठीं केली, तींत या गाण्यास स्थान मिळालें. पुढें २०१८ सालीं केंड्रिक लामार या कवीच्या 'डॅम' या संग्रहास संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. तोंपर्यंत हें पारितोषिक अभिजात संगीत आणि जॅझ यांबाहेर गेलें नव्हतें. पंचेचाळीस वर्षांत कपड्यांच्या वर्गणीपासून पुलित्झरपर्यंत झालेला हा प्रवास ध्यानांत ठेवून आतां प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळूं.

पहिलें ऐकणें : ताल

नवा श्रोता प्रारंभींच अर्थ पकडूं पाहतो आणि तेथेंच थकतो. शब्द भराभर निघून जातात, बोली परकी असते, आणि दोन मिनिटांत मन कंटाळतें. म्हणून पहिल्या वेळीं अर्थाचा नाद सोडून केवळ ताल धरावा. एक, दोन, तीन, चार असें मोजीत जावें. पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर बहुधा खोल, घुमणारा ठोका असतो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर कोरडा आणि कडक. आपला हात संवयीनें समेवर पडतो. येथें टाळी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर द्यावयाची. एवढा बदल अंगवळणीं पडला कीं अर्धें काम झालें.

चार मात्रांच्या या आवर्तनास 'बार' म्हणतात. साधारणतः एक ओळ एका बारांत बसते आणि सोळा बारांचें एक कडवें होतें. ठेक्याची गति मिनिटास ९० मात्रा धरली तर सोळा बारांच्या ६४ मात्रा सुमारें ४३ सेकंदांत संपतात. तेवढ्या अवकाशांत कवीस आपलें म्हणणें मांडावयाचें, यमकें साधावयाचीं आणि श्वासही घ्यावयाचा असतो. ओळींतील अक्षरें कमीजास्त होतात, आवर्तन मात्र ढळत नाहीं. कधीं कवि ठेक्याच्या किंचित् पुढें धांवतो, कधीं मुद्दाम मागें रेंगाळतो, कधीं वाक्य बाराच्या मध्येंच तोडून श्रोत्यास अधांतरीं ठेवतो आणि पुढच्या आवर्तनांत तें पुरें करतो. शब्द तालावर पसरण्याच्या या ज्याच्या त्याच्या पद्धतीस 'फ्लो' असें नांव आहे, आणि जाणकार कवीची ओळख प्रथम त्यावरूनच पटवितात.

आपल्या परंपरेंत याच्या जवळचें कांहीं शोधावयाचें झाल्यास आम्हांस अठराव्या शतकांतील अमृतरायांचे कटाव आठवतात. जुन्या कीर्तनकारांच्या तोंडून कटाव ऐकलेल्या वाचकांस सांगावयास नको कीं, त्या द्रुत लयींत, अनुप्रासांच्या त्या लोंढ्यांत, प्रत्येक शब्द प्रथम कळतोच असें नाहीं. तथापि बुवांचा दम कोठें संपतो आणि ते झांजेवर कसे येऊन पोंचतात, हें पाहण्यांतच मन गुंगून जातें. या दोन प्रकारांचा ऐतिहासिक संबंध कांहीं नाहीं. परंतु ज्या कानास कटावाची गोडी लागलेली आहे, त्यास रॅपची गति परकी वाटूं नये.

दुसरें ऐकणें : यमक आणि श्लेष

दुसऱ्या वेळीं शब्दांचा नाद ऐकावा. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत अवघे चार अलंकार सांगितले. त्यांत उपमा, रूपक व दीपक यांच्या जोडीस चौथें यमक आहे, आणि त्याचेच दहा प्रकार त्यांनीं वर्णिले आहेत. आपल्या वामनपंडितास तर लोकांनीं 'यमक्या वामन' असेंच नांव दिलें. हा अलंकार आधुनिक कवींनीं जवळजवळ टाकून दिला. रॅपकारांनीं तो उचलून पुन्हां डोक्यावर घेतला आहे.

प्रारंभींच्या रॅपमध्यें यमक ओळीच्या शेवटीं, तेंही साधेंच, असे. १९८७ सालीं एरिक बी आणि राकिम या जोडीचा 'पेड इन फुल' हा संग्रह निघाला आणि राकिमनें ही चाल बदलली. तो मूळचा सॅक्सोफोन वाजविणारा. त्यामुळें वाक्य कोठें उचलावें व कोठें सोडावें याची त्याची समज वादकाची होती. त्यानें यमक ओळीच्या पोटांत आणलें, एका शब्दाऐवजीं तीन-चार शब्दांच्या समूहास तसाच दुसरा समूह जुळविला, आणि आवाज न चढवितां शांतपणें म्हणण्याची रीत पाडली. त्याच्यानंतरच्या बहुतेक कवींवर त्याचें ऋण आहे.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून आम्हीच एक उदाहरण रचून देतों. 'पाणी' या शब्दास 'गाणी' जुळविलें, तर तें शाळकरी यमक झालें. परंतु "नाहीं नळाला पाणी, तरी गळ्याला वाणी" असें म्हटलें, तर 'नळाला पाणी' या पांच अक्षरांस 'गळ्याला वाणी' हीं पांच अक्षरें क्रमानें जुळतात. शिवाय नळ कोरडा असतांही गळा मात्र ओला आहे, हा अर्थ त्या जुळणींतूनच निघतो. तो वेगळा सांगावा लागत नाहीं. रॅपमधील उत्तम यमक असें असतें.

श्लेषाविषयींही हेंच. इंग्रजींत 'बार' म्हणजे मात्रांचें आवर्तन. 'बार' म्हणजे तुरुंगाचे गज. 'बार' म्हणजे सोन्याची वीट. आणि 'बार' म्हणजे मद्यगृहही. तुरुंग पाहिलेला एखादा कवि हा शब्द उच्चारतो तेव्हां यांपैकीं दोन-तीन अर्थ एकदम जागे होतात. संस्कृतांतील सभंग-अभंग श्लेष पढलेल्या वाचकास हा खेळ सहज ओळखतां येईल.

तथापि अलंकार कितीही चमकदार असला तरी त्याची कसोटी आनंदवर्धनानें घालून दिली तीच आहे: जो अलंकार रसाच्या ओघांत, वेगळा यत्न न करतां आला तोच खरा, जो आणण्यासाठीं कवीस रस सोडून खटपट करावी लागली तो भार होय. शब्दांची नुसती कसरत करणारे रॅपकार पुष्कळ आहेत. ते क्षणभर चकित करतात आणि गाणें संपल्यावर मनांत कांहींच उरत नाहीं. अशा वेळीं घरांतील मुलांस हा भेद दाखवून द्यावा. मुलें तो चटकन् समजतात, असा आमचा अनुभव आहे.

तिसरें ऐकणें : हा 'मी' कोण?

तिसऱ्या वेळीं शब्द डोळ्यांपुढें घेऊन अर्थ लावावा. येथें टीकेवांचून गति नाहीं, आणि त्यांत कमीपणाही नाहीं. मेघदूत वाचतांना आपण मल्लिनाथाची संजीवनी उघडतोंच ना? रॅपमध्यें गल्ल्यांचीं नांवें, स्थानिक माणसें, जुन्या गाण्यांचे उल्लेख आणि बोलीभाषेंतील उलटे अर्थ ठायीं ठायीं असतात. 'बॅड' हा शब्द स्तुत्यर्थीं येतो, हें एकच उदाहरण पुरे. २००९ सालीं 'जीनियस' या नांवानें आज ओळखलें जाणारें संकेतस्थळ सुरू झालें. तेथें ओळीओळीवर वाचकांनीं लिहिलेल्या टीपा मिळतात. परंतु त्याहून उत्तम टीकाकार बहुधा आपल्या शेजारच्याच खोलींत असतो. नातवास किंवा नातीस "या ओळीचा अन्वय सांग पाहूं" असें म्हणावें. शिकविण्याचा मान मिळाला कीं मुलें किती काळजीपूर्वक बोलतात, हें शिक्षकीचा धंदा केलेल्या कोणासही ठाऊक आहे.

अर्थ लागल्यावर एक प्रश्न विचारणें अगत्याचें आहे: या गाण्यांत 'मी' म्हणणारा कोण? कवि आणि कवीनें उभें केलेलें पात्र हीं एकच नव्हेत, हें आपण नाटकांत सहज मानतों. रॅप ऐकतांना मात्र विसरतों. तीन उदाहरणें पाहूं.

स्लिक रिक या कवीचें 'चिल्ड्रेन्स स्टोरी' हें १९८८ च्या संग्रहांतील गाणें. त्यांत एक काका मुलांस झोंपतांना गोष्ट सांगतो. गोष्ट एका मुलाची: तो वाईट संगतीनें वाटमारीस लागतो, पोलिसांपासून पळतो आणि शेवटीं गोळी लागून मरतो. हितोपदेशांतल्या कथेसारखी ही सरळ नीतिकथा आहे. अर्धें गाणें ऐकून उठणाऱ्यास मात्र ती चोरीची प्रशंसा वाटेल. दुसरें उदाहरण नास या कवीचें. क्वीन्सब्रिज या मोठ्या सरकारी वसाहतींत तो वाढला. १९९४ च्या 'इलमॅटिक' या संग्रहांतील 'वन लव्ह' हें गाणें म्हणजे तुरुंगांत पडलेल्या मित्रांस लिहिलेलीं पत्रें होत. घरीं काय चाललें आहे, कोणाचें मूल आतां कसें दिसतें, वस्तींतील कोण फिरलें, असा मजकूर त्यांत आहे. पत्र लिहिणारा कोठेंही उपदेश करीत नाहीं. परंतु ज्या वयांत मुलांनीं शाळेंतील मित्रांस सुटींतून पत्रें पाठवावीं त्या वयांत हा तुरुंगांत पत्रें पाठवितो, एवढ्यानेंच काळीज हालतें.

तिसरें, १९९५ चें टुपाक शकूर याचें 'डिअर मामा'. त्याच्या आईस अमली पदार्थांचें व्यसन जडलें होतें आणि घरांत दारिद्र्य होतें. ही गोष्ट तो लपवीत नाहीं; आणि तरीही, तिनें आपल्यासाठीं काय सोसलें तें आठवून, तिचे उपकार फेडतां येणार नाहींत असें सांगतो. मातृस्तुतीचीं काव्यें आपल्याकडे थोडीं नाहींत. परंतु आईचा दोष आणि आईचें ऋण हीं दोन्ही एकाच श्वासांत सांगण्याचें धैर्य आम्हांस क्वचितच आढळलें. ज्या कवीचीं दुसरीं कित्येक कवनें घरांत लावूं नयेत असें आम्ही म्हणूं, त्याच कवीचें हें आहे. १९९६ सालीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, तो गोळीबारास बळी पडला.

हा 'मी' ओळखण्याचा प्रश्न केवळ रसिकांचा नाहीं. अमेरिकेंत फौजदारी खटल्यांत आरोपीच्या रॅपमधील ओळी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढें करण्याची वहिवाट पडली. गाण्यांत खुनाचें वर्णन केलें, म्हणून गाणारा खुनी! या न्यायानें शूद्रकास घरफोडीबद्दल पकडावें लागेल. कारण मृच्छकटिकांत शर्विलकाच्या तोंडीं भिंतीस भोंक पाडण्याचें शास्त्र त्यानें किती बारकाईनें घातलें आहे! अखेर २०२२ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें कायदा केला कीं, अशी कलाकृति पुराव्यांत घेण्यापूर्वीं, तिच्यामुळें न्यायाधिकरणाचें मन अकारण दूषित होईल काय, याचा न्यायाधीशांनीं विचार करावा. ऐकणाऱ्यास काव्य कळलें नाहीं तर कोणाच्या आयुष्याचीं वर्षें जाऊं शकतात, हें यावरून दिसेल.

फुशारकी आणि भांडण

सुसंस्कृत श्रोत्यास दोन गोष्टी विशेष खटकतात: कवीची अखंड आत्मस्तुति आणि प्रतिस्पर्ध्याची निंदा. आत्मस्तुतीविषयीं एवढेंच म्हणूं कीं, पंडितराज जगन्नाथाचा वारसा सांगणाऱ्यांनीं याबद्दल फार नाक मुरडूं नये. रसगंगाधरांत आपण दुसऱ्याचें एकही उदाहरण घेतलें नाहीं, सर्व पद्यें स्वतःचींच रचलीं, असें पंडितराज मोठ्या दिमाखानें सांगतात. भवभूतीचा अभिमानही प्रसिद्धच आहे. त्यांत आणि रॅपमध्यें भेद एवढाच कीं, ज्यास जगानें कवडीमोल ठरविलें त्यानें स्वतःस राजा म्हणवून घेणें यांत गर्वाइतकाच प्रतिकारही असतो.

निंदेचें मूळ कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या 'डझन्स' नांवाच्या जुन्या खेळांत आहे. दोघांनीं समोरासमोर उभें राहून एकमेकांस चतुर शब्दांनीं टोचावयाचें; ज्याचा तोल गेला तो हरला. यांतूनच रॅपमधील द्वंद्व निघालें. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले यांचे फड रात्ररात्र सवालजवाब करीत. एक शक्तीस श्रेष्ठ म्हणे, दुसरा शिवास. त्या भेदिक लावण्यांत पांडित्य होतें तसे चिमटेही होते, आणि ऐकणारे दोहोंस दाद देत. हातघाईवर जाऊं पाहणारें वैर शब्दांवर निभावलें, तर समाजाचा त्यांत लाभच आहे. तें दरवेळीं निभावतेंच असें मात्र नाहीं, हेंही खरें.

हिणकस तें हिणकस

आतां जें वाईट आहे त्याविषयीं. रॅपच्या फार मोठ्या भागांत स्त्रियांस जनावराच्या तोलाचें संबोधन असतें, पैशाचें ओंगळ प्रदर्शन असतें, आणि बंदुकीचा कौतुकानें उल्लेख असतो. 'हें त्या समाजाचें चित्र आहे' असें म्हणून यांतील सर्वच माफ करतां येणार नाहीं. चित्र काढणें निराळें आणि चिखलांत लोळणें निराळें. यांतील बराच माल कंपन्यांच्या नफ्यासाठीं, खपतो म्हणून, तयार होतो, हेंही विसरूं नये.

परंतु यावरील उत्तम टीका त्याच काव्यांतून झालेली आहे. १९९३ सालीं क्वीन लतीफा या कवयित्रीनें 'युनिटी' या गाण्यांत, रस्त्यांत होणारी छेड, घरांत होणारी मारहाण आणि स्त्रियांस लावलीं जाणारीं घाणेरडीं विशेषणें, या तिहींचा रोखठोक समाचार घेतला. १९९८ सालीं लॉरिन हिलनें 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा संग्रह काढला. ग्रॅमी पारितोषिकांतील वर्षाच्या सर्वोत्तम संग्रहाचा मान रॅपच्या परंपरेंतील कृतीस प्रथम मिळाला तो त्याच्यामुळें. घरांतील मुलीबाळींनीं रॅप ऐकावयाचेंच असेल तर या दोघींपासून आरंभ करावा, अशी आमची शिफारस आहे. बाहेरच्यानें केलेल्या निषेधापेक्षां घरच्या लेकीनें दिलेला जबाब अधिक झोंबतो आणि अधिक उपयोगी पडतो.

आपल्या दाराशीं

हें काव्य आतां परदेशचें राहिलेलें नाहीं. २०१४ सालीं कुर्ल्याच्या नावेद शेख या तरुणानें 'नेझी' या नांवानें 'आफत' हें गाणें एका आयपॅडच्या साह्यानें तयार केलें. पुढच्याच वर्षीं त्याचें आणि अंधेरीच्या 'डिव्हाइन' याचें 'मेरे गली में' गाजलें. २०१९ चा 'गली बॉय' हा चित्रपट याच मुंबईच्या गल्ल्यांवरून सुचला. त्याच २०१९ सालीं 'स्वदेसी' या मुंबईच्या मंडळीनें आरेच्या जंगलांतील आदिवासींचें दुःख 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यांत मांडलें. त्यांत खुद्द आरेचे प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. पुण्याच्या वस्तींतून आलेल्या एमसी स्टॅनची बोली हिंदी-मराठीची सरमिसळ आहे. ती शुद्ध नाहीं, परंतु पुण्याच्या ज्या भागांतून आपण वर्षानुवर्षें रिक्षांत बसून पुढें गेलों तेथें लोक काय बोलतात, हें तिच्यामुळें आपल्या कानीं पडतें.

येथें सोलापूरच्या राम जोशांची आठवण होते. वैदिक ब्राह्मणाच्या घरीं जन्मलेला हा मुलगा तमाशाच्या नादास लागला म्हणून कथेकरी असलेल्या वडील बंधूंनीं त्यास घराबाहेर काढलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. पुढें त्यानें पंढरपुरीं राहून संस्कृत विद्या संपादन केली, कीर्तनें केलीं आणि लावण्याही रचल्या. आज मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक इतिहासांत त्यांस मानाचें पान आहे. दार लावणाऱ्या बंधूंचें नांव आपण घेतों तें केवळ त्यांच्यामुळें. प्रत्येक रॅपकार राम जोशी होईल असें नव्हे. परंतु कोणता होईल हें दार लावून घेतल्यानें कळत नाहीं.

ज्यांस आरंभ करावयाचा असेल त्यांनीं फार पसारा मांडूं नये. महिन्यास एक गाणें निवडावें आणि तें वर सांगितल्याप्रमाणें तीनदां ऐकावें: एकदां तालासाठीं, एकदां यमकासाठीं आणि एकदां शब्द समोर ठेवून अर्थासाठीं. 'चिल्ड्रेन्स स्टोरी', 'द मेसेज', 'डिअर मामा', 'युनिटी' आणि 'द वारली रिव्होल्ट' हीं पांच गाणीं पांच महिन्यांस पुरेशीं आहेत. त्यानंतर एखादें गाणें वाईट आहे असें वाटल्यास तसें अवश्य सांगावें, आणि कां वाईट आहे तेंही सांगावें: यमक ओढून आणलें आहे, कीं अर्थ पोकळ आहे, कीं माणसास माणूस म्हणून वागविलेलें नाहीं. कारणासह दिलेला नकार तरुणांस मान्य होतो. निदान त्यावर ते वाद घालतात. आणि ज्या घरांत काव्यावर वाद चालतो, त्या घरांत काव्य अजून जिवंत आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.